आपण आणि आम्ही

पणजी विणायला बसली की टाके मोजायची, ओठांतल्या ओठांत. एक, बे, त्रण, चार. वीसपर्यंत गेली की पुन्हा एकपासून. आजी लहान असताना तिला वाटायचं, आई पाढे म्हणतेय. आपल्याकडेही ‘बे एके बे’ असतंच. फक्त तीनच्या जागी त्रण का, हे तिला उमगायचं नाही. एक दिवस तिने विचारलंच. पणजीने सुया मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, “तेवढंच उरलंय गं माझ्याजवळ. बाकी सगळं वाटेत सांडलं.”

तेवढंच म्हणजे एक ते वीस आकडे. त्याखेरीज पणजीजवळ स्वतःच्या जन्माचं काही नव्हतं. आईबापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. एक नदी आठवायची, पण तिला पाणी नव्हतं. एक बैल आठवायचा, तो आडवा पडलेला. पुढे लग्नाच्या वेळी कागदावर गाव लिहायची वेळ आली तेव्हा तिने नुसतं ‘गुजरात’ असं लिहायला सांगितलं. एवढा मोठा मुलूख एका पोरीचं गाव झाला.

मी पणजीला पाहिलं ते तिच्या अखेरच्या वर्षांत. पांढरं लुगडं, गुडघ्यावर लोकरीचा गुंडा, आणि आम्ही परतवंडं भोवती. तिच्या गोष्टी मी तिच्या तोंडून थोड्या ऐकल्या, आजीच्या तोंडून पुष्कळ. आजी त्या सांगताना मधूनच थांबायची आणि म्हणायची, “हे मी पाहिलेलं नाही, आईने सांगितलेलं सांगते.” ही तिची सवय मला फार मोलाची वाटते. मीही तसंच म्हणून पुढचं सांगते. ऐकीव आहे ते ऐकीव, आणि इतिहासात नोंदलेलं आहे ते नोंदलेलं.

नोंदलेलं असं. १८९९ साली पाऊस फिरकला नाही. संवत १९५६ होतं म्हणून गुजरातेत आणि राजस्थानात त्या दुष्काळाला ‘छप्पनियो’ म्हणतात. गुरं मेली, मग माणसं मेली, आणि मागे उरलेली पोरं रस्त्यावर आली. पुणे जिल्ह्यात, पुणे–दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावहून काही बायका या पोरींना शोधायला गुजरातेत गेल्या. त्यांना पाठवणाऱ्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. माझी पणजी तेव्हा पाच-सहा वर्षांची असावी. तिला गाडी आठवायची, आणि गाडीतला अंधार. बोरघाटातले बोगदे आले की पोरी किंचाळायच्या. सोबतच्या बाई प्रत्येक बोगद्यात म्हणायच्या, “संपेल, संपेल.” पणजीने मराठीतला हाच शब्द पहिल्यांदा ऐकला, असं आजी सांगायची.

रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींसाठी दार का उघडलं, याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या बालपणात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला. सगळं कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराणं सांगत हिंडायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. पानं, रानफळं खात, थंडीत अंगावर पुरेसं पांघरूण नसताना ही दोघं चालत राहिली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. पण भुकेची पदवी तिला त्याआधीच मिळालेली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. तिथे पोरी कशा नजरेने बघतात हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

त्या वेळी पुण्यात प्लेग होता. बाहेरून आणलेल्या मुलींना शहरात ठेवायला सरकारची मनाई झाली. केडगावला रमाबाईंची शंभर एकर जमीन होती, पुण्यातल्या त्यांच्या शारदा सदन या शाळेला उत्पन्न व्हावं म्हणून घेतलेली. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे त्याचंच ‘मुक्ती’ झालं. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली माणसं सुमारे दोन हजारांवर गेली. दोन हजार! आजच्या आपल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाएवढी वस्ती, आणि त्यात एकमेकींची कुणीच कुणी लागत नव्हती.

पणजी या दोन हजारांतली एक. आल्याबरोबर तिचे केस काढले, कारण डोकं खरजेने भरलं होतं. पोटाला आधी पेज, मग मऊ भात, मग हळूहळू भाकरी. एकदम खायला दिलं तर उपाशी पोर मरतं, हे तिथल्या बायकांना ठाऊक होतं. पण भाकरी मिळायला लागली तरी पणजी ती पुरती खात नसे. अर्धी लुगड्याच्या तुकड्यात बांधून अंथरुणाखाली ठेवायची. उद्या मिळेल याची खात्री त्या पोरीला कुठून असणार? तिच्या खोलीकडे एक परदेशी मडम बघायची. नाव पणजीला धड कधी उच्चारता आलं नाही, म्हणून आमच्या घरात ती नुसती ‘मडमावशी’. एके सकाळी अंथरूण झटकताना मडमावशीला ती वाळलेली भाकरी सापडली. पणजी भिंतीला चिकटून उभी राहिली, आता मार बसणार म्हणून. मडमावशीने भाकरी उचलली, पुन्हा होती तिथे ठेवली, आणि तिच्या शेजारी स्वतःच्या वाटणीची अर्धी भाकरी ठेवली. रोज तसंच. काही दिवसांनी पणजीने आपली भाकरी लपवायचं सोडलं. आजी म्हणायची, “आईला कुणी देवाबद्दल विचारलं की ती आधी ही गोष्ट सांगायची. देव दिसला का नाही ते माहीत नाही, म्हणायची, पण त्याचा हात अंथरुणाखाली पोचतो.”

दुसरी गोष्ट आमच्या घरात त्याहून जास्त वेळा सांगितली गेली. मडमावशी नवीन होती आणि तिचं मराठी कच्चं होतं. तिच्या भाषेत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांना एकच शब्द. मराठीत आल्यावर तिने ‘आपण’ हा एक शब्द पकडला आणि सगळीकडे तोच वापरायला लागली. मग तिचं बोलणं असं व्हायचं: “आपण लहानपणी बर्फात खेळत होतो.” “आपल्या आईचं पत्र आलं आहे.” थोरल्या मुली हसायच्या. एकदा ती आणि तिच्या खोलीतली दुसरी मडम, दोघींना ताप भरला. सकाळी दारात मुली जमल्या. तिला म्हणायचं होतं, आम्ही दोघी आजारी आहोत, आत येऊ नका. ती म्हणाली, “आपण आजारी आहोत.”

बाकीच्या हसल्या. पणजीला हसू आलं नाही. गुजरातीतही ‘आपणे’ आणि ‘अमे’ वेगळे असतात. परक्या भाषेतला हा एक शब्द तिला नीट कळला. तिने स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग मडमावशीच्या खाटेखाली जमिनीवर जाऊन आडवी झाली. आपण आजारी आहोत ना? तर मग आपण झोपायचं. तिला उठवायला आलेल्या बाईला ती उठेना. दुपारपर्यंत तिथेच पडून होती म्हणे.

मी मोठी झाले, शिकले, आणि बऱ्याच वर्षांनी मला या गोष्टीतलं व्याकरण कळलं. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. इतकं बारीक दार आपल्या पूर्वजांनी भाषेला करून ठेवलं आहे. जगातल्या कितीतरी भाषांना ते नाही. आणि आपण मात्र दिवसातून शंभर वेळा ते दार लावतो: आम्ही असलं खात नाही, आमच्यात असं चालत नाही, आमच्याकडे मुली देत नाहीत. मडमावशीला ते दार लावताच येत नव्हतं. ख्रिस्ती धर्मात सगळ्या राष्ट्रांची माणसं एका बापाची लेकरं मानली जातात, हे मी रविवारच्या शाळेत पाठ केलं होतं. पण ते मला पटलं ते एका परदेशी बाईच्या चुकीच्या मराठीतून आणि त्या चुकीवर विश्वास ठेवणाऱ्या एका पोरीमुळे.

रमाबाईंच्या चरित्रातही नात्याचा असाच एक शब्द आहे, आणि तो माझा फार आवडता आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तोवर त्यांनी भाऊही गमावला होता आणि नवराही. नवरा बंगाली, बिपिनबिहारी मेधावी. त्या लग्नात जात, प्रांत, भाषा सगळ्याच भिंती ओलांडलेल्या. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच ते कॉलऱ्याने गेले. कडेवर मनोरमा. वाँटेज या गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात या मायलेकी राहिल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघींचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन या मायलेकींच्या जिव्हाळ्याच्या झाल्या. रमाबाई त्यांना पत्रात काय म्हणून हाक मारत? ‘आजीबाई.’ एका इंग्रज जोगिणीला मराठी घरातली आजीबाई करून टाकलं. रमाबाईंचं माहेर दुष्काळात संपलं होतं, आणि इंग्लंडमध्ये त्यांनी स्वतःच्या भाषेच्या बळावर एक माहेर उभं केलं.

पण माहेर म्हटलं की भांडणही आलं. ही पत्रं वाचताना अंगावर काटा येतो, इतक्या सडेतोड रमाबाई त्यांत बोलतात. मी ख्रिस्ताची झाले म्हणजे तुमच्या चर्चच्या प्रत्येक शिकवणीला मान हलवीन असं नाही, हा त्या पत्रांचा सूर आहे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. ती मला नकोत, माझ्या लोकांना ती कळणार नाहीत, तिथे संस्कृत हवं, असा त्यांनी आग्रह धरला. मांसाहार केला नाही तो नाहीच. चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवत होत्या. तिथे त्यांनी हिंदुस्थानात नोकरीला जाणाऱ्या इंग्रज तरुणांना आपल्या भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला, तर इकडच्या बिशपांनी आडकाठी घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवलं तर हिंदू समाजात तिचं वजन जाईल, असं त्यांचं म्हणणं. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत संस्कृतात भाषण केलं होतं तिला हे सांगितलं गेलं! रमाबाई चिडल्या आणि त्यांनी ते लिहून कळवलं. आजीबाईही रागावल्या, दुखावल्या. पण नातं तुटलं नाही. पत्रं चालू राहिली. पुढे मनोरमा शिकायला पुन्हा त्यांच्याकडे राहिली.

जगातल्या सगळ्या माणसांना एक कुटुंब म्हणायचं, यातला जो अर्थ बहुतेकदा निसटतो तो मला इथे सापडतो. पाहुण्याशी आपण गोड बोलतो. उपकारकर्त्यापुढे मान खाली घालतो. भांडतो ते फक्त घरच्यांशी. एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राला पोसायचं आणि दुसऱ्याने हात जोडून उभं राहायचं, याला कुटुंब म्हणत नाहीत. रमाबाईंनी इंग्लंड-अमेरिकेतून पैसा घेतला, माणसं घेतली, माया घेतली, आणि ताठ मानेने घेतली. राज्य इंग्रजांचं होतं तरी १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात बायकांची आबाळ होते हे त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं. ख्रिस्ती झालेली बाई सरकारविरुद्ध कशी बोलेल, असं ज्यांना वाटत होतं त्यांना ते उत्तर होतं.

अमेरिकेची गोष्ट तशीच. डॉ. आनंदीबाई जोशी त्यांच्या नातलग. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फियात पदवी मिळाली, तो सोहळा बघायला रमाबाई गेल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तिथेच फिरत, बोलत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ निघाली, गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ झाली, आणि वर्षाला एक डॉलर, असं दहा वर्षं द्यायचं वचन साध्यासुध्या बायकांनी दिलं. ज्यांनी हिंदुस्थान नकाशावरच पाहिला होता अशा बायकांच्या डॉलरांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं. पुढे महर्षी झालेल्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी. म्हणजे कर्व्यांच्या हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेच्या कहाणीतही त्या अमेरिकन बायकांच्या एकेका डॉलरचा धागा आहे. पण त्याच सुमारास अमेरिकेवर जे मराठी पुस्तक रमाबाईंनी लिहिलं त्यात त्या देशाचं कौतुक जितकं आहे तितकंच तिथल्या काळ्या माणसांवरच्या आणि मूळच्या रहिवाशांवरच्या अन्यायाचं वर्णनही आहे. देणाऱ्याच्या घरातली अडगळ त्यांना दिसत होती आणि त्या ती दाखवत होत्या.

आपल्या घरच्यांशी त्यांचं जे झालं तेही सांगितलं पाहिजे. शारदा सदन पुण्याला आल्यावर मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनी १८९३ मध्ये सल्लागार मंडळ सोडलं. आपल्या मुलीबाळींचा धर्म जाईल ही भीती ज्यांना वाटली त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. दुष्काळात अन्न घेऊन येणारा हात जेव्हा धर्मही घेऊन येतो तेव्हा प्रश्न उभे राहतातच. त्या प्रश्नांना मी टाळत नाही, कारण माझा जन्मच त्या प्रश्नाच्या पोटी झाला आहे. माझी पणजी हिंदू म्हणून जन्मली असणार. ती ख्रिस्ती झाली, कारण ज्यांनी तिला उचललं ते ख्रिस्ती होते. आजीने तिला एकदा विचारलं होतं, “आई, तुला कुणी विचारलं का?” पणजी म्हणाली, “विचारायला तिथे कोण जिवंत होतं?” आणि मग थोड्या वेळाने, “पण नंतर मी रोज स्वतःला विचारलं. रोज हो म्हणाले.”

मुक्तीतलं जगणं मात्र प्रार्थनेपेक्षा कामाचंच जास्त होतं. शेती, गाईम्हशी, तेलाचा घाणा, माग, शिवण, छापखाना. शारदा सदनात जातीचे नियम पाळायची मुभा होती. मुक्तीत गुजरातच्या, मध्य प्रांताच्या, कर्नाटकाच्या, कोकणच्या, सगळ्या जातींच्या पोरी एका पंगतीला. आजी सांगायची, आईला पंगतीत शेजारी कोण बसलंय हे जातीने कधी कळलंच नाही, भाषेने कळायचं. चिडली की प्रत्येक जण आपल्या मूळ भाषेत ओरडायची. अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या आणि त्यांनी त्या मुलींना वाचायला शिकवलं. पणजी म्हणायची, रात्री दिवे मालवल्यावरही त्या सदनात वाचन चालू असायचं. डोळस पोरींना त्याचा हेवा वाटायचा.

पणजी मोठी झाली तेव्हा छापखान्यात खिळे जुळवायला लागली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. उलटं वाचत सुलटं लिहायचं. तिथेही ती गुजरातीत मोजायची.  रमाबाई कधी येऊन मागे उभ्या राहायच्या. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून जवळ जाऊन मोठ्याने बोलावं लागे. त्या वेळी त्या बायबलचं भाषांतर करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळावरून. संस्कृत त्यांच्या जिभेवर असूनही त्यांना सोपी, शेतातल्या बाईला कळेल अशी मराठी हवी होती. संस्कृतवाली पंडिता संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला काढते आहे, हे चित्र मला अजून हलवून जातं. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्या दुःखातही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मुक्तीतल्याच मुलींच्या हातांनी ते छापलं. आमच्या घरात त्याची एक प्रत होती. पणजी तिच्यावर हात फिरवायची आणि मजकुरापेक्षा अक्षरांकडेच बघत बसायची. “हा ‘क्ष’ बघ,” म्हणायची, “हा फार छळायचा.”

मुक्तीतलं एक टोक कुठवर गेलं याची नोंद आहे, ती पणजीला ठाऊक नव्हती. १९०५ मध्ये केडगावात मोठी धर्मजागृती झाली. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. पणजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिला आठवायचा तो आवाज, पावसाच्या आवाजासारखा. मिनी अॅब्रम्स नावाच्या अमेरिकन बाई तिथे रमाबाईंच्या सोबतीला होत्या. त्यांनी त्यावर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि शिकागोला एकत्र शिकलेल्या एका मैत्रिणीला पाठवली. ती मैत्रीण, मेरी हूवर, चिली देशातल्या व्हालपाराइसोला नवऱ्यासह राहत होती. १९०९ मध्ये तिथे जी मोठी जागृती झाली, जिच्यातून चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या उभ्या राहिल्या, तिच्या मुळाशी ही केडगावची पुस्तिका होती. एरवी आपल्याला शिकवलं जातं की गोऱ्यांनी दिलं आणि काळ्यांनी घेतलं. इथे दौंड तालुक्यातल्या अनाथ पोरींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेत पोचली. घरात देणं एका बाजूनेच चालत नाही.

पणजीचं लग्न झालं ते दौंडच्या मुलाशी. तिथे अल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन मिशनऱ्यांनी दुष्काळातल्या मुलग्यांसाठी असंच घर चालवलं होतं. पणजोबांनाही आपलं गाव ठाऊक नव्हतं. लग्नात वऱ्हाड दोन्हीकडून दोन आश्रमांचं. मामा कोण उभा राहणार हा प्रश्न आला तेव्हा छापखान्यातले एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या वंशजांना आम्ही आजही मामाकडचे म्हणतो. रक्ताचा थेंब जुळत नाही आणि पत्रिका चारी बाजूंनी जुळते, असं आमचं घराणं.

पुढे ही दोघं खडकीला राहायला आली. १९४७ नंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी झाली. आजी तेव्हा ऐन तरुण. ती सांगायची, आई रोज मोठं पातेलं घेऊन कुणाच्या तरी गाडीतून पिंपरीला जायची. पेज घेऊन. भाजीभाकरी का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, “आधी पेजच द्यायची असते.” भाषा येत नव्हती. एका सिंधी बाईने बोटांवर आपली मुलं मोजून दाखवली, आणि तिच्या आकड्यांत दोनच्या जागी ‘ब’ आलं. पणजीच्या हातातला डाव थांबला. “बे,” ती म्हणाली. “ब,” ती बाई म्हणाली. दोघी हसल्या, आणि मग त्या बाईने मोजणं पुढे नेलं नाही, कारण तिसरं बोट उचलायला मूल उरलं नव्हतं. हे सांगताना आजीचा आवाज नेहमी बारीक व्हायचा. पणजी घरी आली ती एवढंच बोलली, “आपली माणसं आलीत तिथे.” पणजोबांना वाटलं, कुणी ख्रिस्ती कुटुंबं असतील. पणजीला तसं म्हणायचं नव्हतं.

येशूने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली तीही अशीच वळते. माझा शेजारी कोण, असं त्याला विचारलं होतं. गोष्ट संपल्यावर येशूने प्रश्नच उलटा केला: त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारी असायचा नसतो, व्हायचा असतो. आपलं माणूसही तसंच. पणजीला हे कुणी व्याख्यानातून सांगितलं नाही. वाळलेल्या भाकरीशेजारी ठेवलेल्या अर्ध्या भाकरीने सांगितलं होतं.

काही वर्षांपूर्वी मी केडगावला गेले. ‘मुक्ती’ आजही आहे, अजूनही तिथे निराधार बायका-मुली राहतात. रमाबाईंच्या कबरीपाशी उभी असताना मला आठवलं की चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. ज्या चर्चच्या बिशपांनी त्यांना शिकवायला मनाई केली होती त्याच चर्चमध्ये आज त्यांच्या नावाने प्रार्थना होते. घरातली भांडणं अशीच मिटतात, तीन-चार पिढ्या घेऊन. मग मी प्रभूची प्रार्थना म्हणाले. तिच्यात देवाला आपण ‘माझ्या’ पित्या म्हणत नाही, ‘आमच्या’ म्हणतो. एरवी ‘आम्ही’ हा दार लावणारा शब्द. पण इथे ऐकणारा फक्त देव आहे, म्हणून दाराबाहेर राहतो तो एकटा देव. बाकी जगातलं एकूणएक माणूस त्या ‘आमच्या’त येतं. मराठीने हे किती सहज करून दिलं आहे!

मडमावशीचं ते चुकीचं वाक्य आमच्या घरात मात्र मुद्दाम जपलं गेलं. कुणाला ताप आला की विचारायचं नाही, बरं आहे का. म्हणायचं, “आपण आजारी आहोत.” आणि मग कामाला लागायचं. पणजीच्या शेवटच्या दुखण्यात आजी तिच्या खाटेशेजारी जमिनीवर अंथरूण घालून झोपली होती. पणजी बोटांनी चादरीवर काहीतरी मोजत होती. वीसपर्यंत जायची, पुन्हा एकपासून.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या शेजारच्या भाड्याच्या खोलीतली मुलगी आजारी पडली. मणिपूरची, पुण्यात नोकरीला आलेली, घरचं कुणी जवळ नाही. मराठी जेमतेम. दाराबाहेर ठेवलेला कालचा डबा तसाच होता. मी फोन केला. ती रडत होती, काय बोलावं ते मला सुचेना, आणि तोंडातून आमच्या घरचं वाक्य गेलं: “घाबरू नकोस. आपण आजारी आहोत.”

पलीकडे एकदम शांतता. मग तिचा घाबरलेला आवाज आला, “आंटी, तुम्हालापण झाला? मग तुमच्याकडे कोण बघतं? मी येऊ?”

मी तिला दार उघडू नकोस म्हणून सांगितलं, आणि पेज चढवायला उठले.